मल्हारीचा गोपनीय अहवाल

शहर फुगलं, नळ आटले. दुष्काळाची तीन वर्षं मल्हारी शिपायानं टँकरपुढं धक्के खात साहेबांच्या पुंडलिकनगरातल्या घरी हंडे वाहिले. तिन्ही वर्षं त्या निगरगट्ट साहेबांनी त्याच्या गोपनीय अहवालात 'साधारण' एवढंच खरडलं. त्याची कारकूनपदाची बढती हुकली ती हुकलीच.

निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ देताना मात्र साहेब गहिवरले, "असा उत्कृष्ट माणूस पाहिला नाही!"

मल्हारीला राहवलं नाही. "मंग तसं लिहिलं का नाय, साहेब?"

"अरे, लिहिलं असतं तर बढतीवर अजिंठ्याला गेला असतास. आमच्या घरी पाणी कोणी भरलं असतं?"

सगळं ऑफिस खदाखदा हसलं, टाळ्या पडल्या. नारळ काखेत धरून मल्हारीनंही वाजवल्या.