तळ्याचा तळ मला ठाऊक आहे

मी एक बुश बोलतोय. बुश म्हणजे मधोमध भोक असलेला, मुठीएवढा पोलादी तुकडा. गाडीच्या सांध्यात बसणारा. चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये मी घडलो. अंगावर काय लकाकी होती! पण तपासणीला रोहिदास होता. माझं भोक दोन शतांश मिलिमीटरने मोठं निघालं आणि त्याने मला लाल रंग फासला. रिजेक्ट! राग आला, पण माणूस सच्चा. पुढे त्यानेच मला टेबलावर कागद दाबायला ठेवलं.

डबा खाताना तो सोबत्यांना घरचं सांगायचा. त्याचे सासरे मालोजी मावळातलं गाव सोडून काळेवाडीत लेकीकडे राहायला आले होते. तिथे त्यांना जो तो शिकवायचा. लिफ्टचं बटण असं दाबा, मोबाइल असा धरा. म्हातारा गप्प गप्प होत चालला होता. तोंड उघडायचा तो फक्त गावाकडच्या डोंगरावरच्या तळ्यासाठी.

"सात बाजांची सुतळी उसवून पाण्यात सोडली व्हती आमी. तळ न्हाई लागला!"

नातवंडं हसायची. शेवटी रोहिदास म्हणाला, "मामा, मोजूनच बघू."

गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, मला सुतळीच्या टोकाला बांधून दोघे डोंगर चढले. वजन म्हणून का होईना, मी कामाला आलो.

काय ते पाणी! काठाजवळचा खडान्‌खडा दिसत होता. पुढे निळंशार, मग काळं. कड्यावरून रोहिदासने मला सोडलं. मीटर-मीटरवर गाठी होत्या. एकोणिसाव्या गाठीला मी टेकलो आणि सुतळी सैल पडली. रोहिदासला कळलंच, त्याच्या बोटांना केसाएवढा फरक कळतो.

त्याने सासऱ्यांकडे पाहिलं. ते कड्यावरून वाकून काळ्या पाण्यात बघत होते.

"लागला का, जावईबापू?"

"नाही, मामा." आणि तो सैल सुतळी सोडतच राहिला. दोन शतांशासाठी मला बाद करणारा माणूस अख्ख्या तळ्याएवढी थाप मारत होता! शेवटचं टोकही त्याने हातातून जाऊ दिलं. "संपली सुतळी. तळ काही लागला नाही."

"सांगत व्हतो न्हवं!" म्हातारा असा हसला की खाली मला ऐकू आलं. त्या हसण्यावर माझा जीव जडला.

तेव्हापासून मी इथेच आहे. गंज चढतोय, चढू दे. तुम्हीही या एकदा. आणलेलं प्लास्टिक तेवढं परत न्या. ओंजळभर पाणी प्या, घटकाभर बसा. तळ आहे, मी त्यावर बसलोय. पण तुम्हाला माझी शपथ, मालोजींना सांगू नका.