मॅडमचं पुरे

घरात तिला सगळे मॅडमच म्हणत. अकरा वर्षांची पोर, स्वमग्न, त्यात सेरेब्रल पाल्सी; चालत नाही, बोलत नाही, मानही धड सावरत नाही, पण अख्खं घर तिच्या तालावर नाचायचं. स्टीलचा चमचा वाजला की ती जिवाच्या आकांताने किंचाळे, म्हणून बापाने घरातले सगळे चमचे हद्दपार केले होते. "मॅडमचा हुकूम," म्हणायचा.

आई कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर. कामावर परतायचं तर मॅडमना विशेष मुलांच्या दिवसभराच्या केंद्रात जागा मिळायला हवी होती, आणि तिथल्या मोठ्या बाईंची अट एकच: पोट भरलं की मुलीने स्वतः सांगायला हवं. घास तिच्या घशात चटकन अडकायचा. परक्या हाताने अंदाजाने भरवणं म्हणजे जिवाशी खेळ. अट रास्तच होती. दोन वर्षं खपून आईने तिला एक खूण शिकवली होती. तिच्या खुर्चीला पुढे लावलेल्या फळीवर डावी मूठ आपटायची, ठक्क. म्हणजे पुरे. घरी जमायचं. केंद्रात मात्र दोनदा नेलं, दोन्ही वेळा मूठ जागची हलली नाही. आज शेवटची संधी होती.

तिथली ताई रबरी चमच्याने कुस्करलेला बटाटा भरवू लागली. चार घास गेले. मॅडमच्या भुवया जराशा आक्रसल्या, आणि आईच्या तोंडून निघून गेलं, "थांबा हं, तिला दम खायचाय."

"तुम्ही कशाला सांगताय?" मोठ्या बाई म्हणाल्या. "तिला सांगू द्या की."

आईने जीभ चावली. खरंच की! पोरीची भुवई हलली तरी हिला सगळं कळायचं, मग पोरीने मूठ उचलायची कशाला? आई हात मांडीखाली दाबून बसली. पण हनुवटीवर बटाटा ओघळला, आणि हात कसले राहतायत! रुमाल घेऊन ती वाकली.

ठक्क.

ताईने चमचा खाली ठेवला. "भरलं वाटतं पोट?"

आई मागे सरली. मॅडमनी चमच्याकडे बघून तोंड उघडलं. ताईने घास दिला, तो नीट गेला. आई पुन्हा पुसायला सरसावली, आणि पुन्हा ठक्क.

"जेवण नाही," आई म्हणाली. "मी पुरे झाले तिला."

मोठ्या बाईंना हसू आवरेना. "मग बसा बघू बाहेर."

बाहेरच्या बाकावरून तिने नवऱ्याला फोन लावला. "मॅडमनी हाकललं मला."

"काय केलंस?"

"लुडबुड." ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. एवढा अभिमान तिला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

तेवढ्यात आतून आणखी एक ठक्क आलं. सवयीने ती अर्धी उठली.

"पुरे का गं? बरं, बरं, राहू दे," ताईचा आवाज आला. वाटी बाजूला सरकल्याचं ऐकू आलं. पाठोपाठ मोठ्या बाई म्हणाल्या, "सोमवारपासून येऊ दे हिला."

ती पुन्हा बाकावर टेकली.

"कोण ठोकतंय गं तिकडे?" फोनवर नवरा विचारत होता.

"आपली लेक बोलतेय," ती म्हणाली. "दुसऱ्यांशी."