उंबराची बेचकी

बद्रीनाथच्या मुठींतल्या बेचकीचं टोक थरथरत खाली वाकलं.

"लागलं गं बाई, लागलं!" शेजारच्या प्लॉटवरून द्वारकाबाई ओरडली. टँकरची वाट बघत ती सकाळपासून रिकाम्या हंड्यांपाशी बसली होती. "दगड ठेवा की बाबा तिथं!"

बद्रीनाथने दगड ठेवला नाही. तो चार पावलं पुढे सरकला. बेचकी तिथंही थरथरली. विटांच्या ढिगापाशी थरथरली, संडासाच्या खड्ड्यापाशी थरथरली. सलग दुसऱ्या वर्षी दुष्काळ, हर्सूलच्या तलावाला भेगा पडलेल्या, आणि लेकीच्या दीड गुंठ्यात म्हणे जिथं तिथं पाणी! पाणी नव्हतंच ते. दारू सोडून आज तिसरा दिवस होता आणि हात त्याचं ऐकत नव्हते.

चाळीस वर्षं तो पाणाड्या होता. हर्सूलपासून थेट सिल्लोडपर्यंत त्याला बोलावणं यायचं. उंबराची ताजी बेचकी दोन्ही मुठींत धरायची, अनवाणी रान तुडवायचं, टोक ओढलं गेलं की तिथं दगड ठेवायचा. पाणी लागलं तर मालक कोंबडं कापायचा आणि बाटली काढायचा, ही रीतच होती. नाही लागलं तर बद्रीनाथ तोंड लपवून आपली आपण प्यायचा. म्हणजे पाणी वर येवो न येवो, दारू खाली जायचीच. देशी दुकानाचा साहेबराव त्याला लांबून पाहिलं की एकच विचारायचा, "लागलं का नाय?" उत्तर काहीही असो, ग्लास तोच असायचा.

पुढेपुढे रानांचे प्लॉट झाले, बोलावणी कमी झाली, पण ग्लास काही कमी झाला नाही. सकाळी दोन घोट पोटात गेल्याशिवाय शर्टाची बटणं लागेनाशी झाली. मजा केव्हाच संपली होती, दुःखाचंही निमित्त उरलं नव्हतं. आता तो बटणं लावण्यासाठी पीत होता.

एक गोष्ट मात्र त्याने सांभाळली होती. गटारात लोळला, बायकोच्या दहाव्याला झिंगून गेला, पण पाण्याबाबत कधी कुणाशी खोटं बोलला नाही. त्या दहाव्यापासून दीपमालाने बापाशी बोलणं टाकलं होतं. दोन वर्षांनी, चार दिवसांपूर्वी, तिचा फोन आला. "बोअर घ्यायचंय बाबा. मशीन यायलंय. जागा तुम्हीच दाखवा. पण एक थेंब बी न घेता यायचं."

मग तो आतून कडी लावून घरात बसला. उलट्या झाल्या, घामाने अंथरूण भिजलं, दुसऱ्या रात्री भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसल्या. दार उघडायला तो तीनदा उठला आणि तीनदा परत बसला. लेकीला आपली गरज आहे, एवढ्या एका गोष्टीवर तो तगला.

आता ती लेक ओट्यावर उभी होती. द्वारकाबाई बेचकीकडे बघत होती, पण दीपमालाची नजर त्याच्या मनगटांवर होती.

इथंच पाणी आहे म्हणून सांगून टाकलं असतं तर सगळं गोड झालं असतं. बोअर कोरडं गेलं तर खडकाच्या नावाने खडे फोडता येतात. नाहीतर कोपऱ्यावर जाऊन दोन घोट घ्यायचे, हात थांबवायचे आणि खरं काय ते बघायचं. पण मग ती पुन्हा दार उघडणार नव्हती. त्याने बेचकी खाली केली.

"दीपे, हे पाणी नाय गं. माझे हातच हलायलेत. मला काय बी कळंना झालंय. माझ्या भरवशावर मशीन लावू नको."

आता ही तोंड फिरवणार, असं त्याला वाटलं. पण दीपमाला खाली उतरली. तिने बेचकी त्याच्या हातातून हळूच काढून घेतली आणि ओट्यावर ठेवली.

"मला म्हाईत हाय, बाबा. जागा मागच्या आठवड्यातच ठरली. ह्यांच्या कंपनीतला माणूस पाणी बघायचं यंत्र घेऊन आलता. तिथं, गेटापाशी."

गेटापाशी विटा रचलेल्या होत्या. त्यांच्या आडोशाला जमिनीवर चुन्याची फुली दिसत होती. मघाशी आत येताना तो त्या फुलीच्या शेजारूनच आला होता.

"मग मला कशाला बोलावलं?"

"तीन दिस घेतली नाय ना तुम्ही? मला तेवढंच पायजे होतं. दुसऱ्या कशानं ऐकलं असतं का तुम्ही?"

ती आत जाऊन पाण्याचा ग्लास घेऊन आली. त्याने तो तोंडाशी नेला, पण अर्धंअधिक पाणी शर्टावर आणि मुरमावर सांडलं. पलीकडे द्वारकाबाई हळहळली. शेवटी दीपमालानेच ग्लास धरून उरलेलं पाणी त्याला पाजलं.

"आता हितंच ऱ्हावा," ती म्हणाली.

तिची माया खरी होती. ते त्याला कळत होतं आणि तेच मनाला जास्त लागत होतं.

"कपडे घेऊन येतो," तो म्हणाला.

बेचकी ओट्यावरच राहिली. गेटाबाहेर पडताना तो फुलीवर पाय पडू न देता वळसा घालून गेला. जळगाव रोडला लागल्यावर त्याच्या घराकडे जाणारी रिक्षा समोरून गेली. त्याने हात केला नाही.

भर दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. साहेबरावाने मान वर केली.

"तीन दिस कुठं होता? लेकीकडं गेलता म्हणं. लागलं का नाय?"

बद्रीनाथ बाकावर बसला. "त्यासाठी बोलावलंच नव्हतं," तो म्हणाला.

साहेबरावाला त्यातलं काही कळलं नाही. त्याने सवयीने ग्लास काठोकाठ भरून पुढे सरकवला. बद्रीनाथने तो दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावला. एक थेंबही सांडला नाही.