तुमचीच आहे, घेऊन जा

जिभेला हाड नसतं म्हणतात ना, माझ्या तर मुळीच नाही.

सनीव्हेलमध्ये आमच्या शेजारी नोहेआ आंटी राहायच्या, मूळच्या हवाईतल्या हिलो गावच्या. माझं काम घरून, मीटिंगवर मीटिंग, आणि कडेवर दात येत असलेली अनिका. दुपारी आंटीच तिला सांभाळायच्या. आता त्या कायमच्या गावी परत निघाल्या होत्या. मागच्या आठवड्यात पोरीनं असा भोंगा पसरला की मी वैतागून म्हटलं, "आंटी, ही तुमचीच आहे! घेऊन जा एकदाची हिलोला!"

आंटींचे डोळे भरून आले. "मनापासून म्हणतेस?"

"अहो, अगदी मनापासून!" म्हणत मी लॅपटॉप उघडला.

काल संध्याकाळी अनिकाला आणायला गेले. दार सताड उघडं, घर रिकामं, मधोमध आंटींची बॅग. बॅगेत वरच अनिकाची झबली, नीट घड्या घातलेली. हाका मारल्या. बाथरूम बघितलं, गॅलरी बघितली, कुणी नाही. अगं बाई, हिनं माझं लेकरू नेलं! नवऱ्याला, प्रसन्नला फोन लावला, तो उचलेना. फोन तिथंच टाकून मी अनवाणी जिना उतरले.

खाली झाडाजवळ आंटी अनिकाला छातीशी धरून एका शेजारणीला सांगत होत्या, "ही माझी हानाई. हिच्या आईनं दिली मला."

"द्या तिला!" मी किंचाळलेच. पोर हिसकावून घेतली.

आंटी पांढऱ्याफटक पडल्या. "आमच्यात जिवलगाला मूल वाढवायला देतात, त्याला हानाई म्हणतात. आई आईच राहते. पण देते म्हटलं की दिलं. मी तुला विचारलं होतं गं."

"आंटी, ते... आमच्यात नुसतं म्हणतात हो तसं." लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी हात काही सैल होईनात. अनिका त्यांच्याकडे झेपावत रडत होती.

आज सकाळी त्यांची टॅक्सी आली. मी दारात, पोर घट्ट कवटाळून. सवयीनं तोंडून गेलंच, "परत या हं, आंटी. हे तुमचंच घर आहे."

टॅक्सीचं दार धरून त्या थांबल्या.

"हे पण," त्यांनी हळूच विचारलं, "नुसतंच म्हणतात?"