लेखीत पहिला

लातूरच्या अण्णाराव सरांच्या क्लासात लेखी परीक्षेशिवाय पान हलत नसे. भूकंपाला तीन वर्षं झाली होती आणि आता गल्लीगल्लीत क्लास निघाले होते. इतरांकडे नसलेलं काहीतरी हवं म्हणून सरांनी साहसी शिबिर काढलं. उदगीरबाहेरची बंद पडलेली दगडाची खदान, नांदेडहून बोलावलेले एक प्रशिक्षक आणि आदल्या दिवशी वीस मार्कांचा पेपर : 'दोरावरून कडा उतरण्याचे सात टप्पे लिहा.'

मोहसीनला एकोणीस पडले. एक मार्क अक्षराचा गेला. नियमाप्रमाणे पहिला आलेला सगळ्यांत आधी उतरणार होता. माघार घेतली तर मार्क रद्द. अर्ध्या मार्कानं मागे असलेला सत्यम त्याच आशेवर होता.

मोहसीन तेरा वर्षांचा. भूकंपापासून त्याच्या अम्मीनं, बिलकीसनं, त्याला गच्चीवर पाऊल ठेवू दिलं नव्हतं. हा क्लाससुद्धा तिनं पत्र्याच्या शेडमध्ये भरतो म्हणून निवडलेला. तीन वर्षांत तो उंच चढला होता तो फक्त गुणवत्ता यादीत.

पट्टे बांधून त्याला काठावर उभं केलं. "टप्पा एक, कड्याकडे तोंड करावे," तो पुटपुटला. टप्पा तीनपर्यंत सगळं उत्तराप्रमाणे झालं. चौथ्याला त्याचे पाय लटपटू लागले आणि निम्म्या कड्यावर तो दोराला मिठी मारून थांबला.

"कमरेत मागं झुकावे, हे मला येतंय सर!" तो ओरडला. झुकला मात्र नाही.

शेजारच्या दोरावरून पुनम पाळीची वाट न बघता सरसर त्याच्या बरोबरीला उतरली. देवणीकडच्या शेतकऱ्याची पोर. तिनं पेपरात एवढंच लिहिलं होतं : 'दोर सोडू नये. बाकी आपोआप होते.' तिला दोन मार्क होते.

"का रे, खदान हलायली का तूच?"

"मी विचार करायलोय."

"आमच्या हिरीत गाळ काढाया उतरताना विचार केला असता तर गाळातच राहिले असते. खाली बघू नगंस. माझ्याकडं बघ. ढुंगण मागं टाक, खुर्चीवर बसल्यावानी."

हे सात टप्प्यांत कुठंच नव्हतं. तो बसला. भिंतीवर एक पाय टेकला, मग दुसरा.

खाली पोचल्यावर सरांनी मोहसीनचीच पाठ थोपटली. पुनमला ते म्हणाले, "टप्पे न म्हणता उतरलीस. मार्क कसे द्यायचे?"

"सर, पुनमनं..." मोहसीन म्हणाला. सत्यम कान टवकारून ऐकत होता. वाक्य तिथंच राहिलं. पुनमनं ऐकलं आणि दोर गुंडाळू लागली.

प्रमाणपत्र घरी आलं : 'अतुलनीय धाडसाबद्दल.' अम्मीनं ते तीनदा वाचून घेतलं. मोहसीन ते भिंतीवर लावायला स्टुलावर चढला.

"ऐ, उतर! गिरता क्या?" बिलकीस किंचाळली आणि तिनं शेजारच्या अकरमचाचांना हाक मारली.

मोहसीन निमूट खाली उतरला. उतरताना ढुंगण मागं टाकलं, आणि मग चाचांसाठी स्टूल घट्ट धरून उभा राहिला.