ताणातलं हिरवं झाड

"खा गं बाई. झाडानं तुझ्यासाठीच साठवून ठेवलंय."

आईचा हा आवाज अर्पिताला कधीही ऐकू येई. भाकरी थापताना, केस विंचरताना, जीपच्या खिडकीला डोकं टेकून पेंगताना. जाफराबादकडच्या त्यांच्या कपाशीच्या गावात तेव्हा घरात ताप होता. वडिलांनी, अण्णांनी, तालुक्याहून कागदाच्या पुडीत मोसंबी आणली होती. आई भिंतीला टेकून ती सोलत होती. सालीतून बारीक फवारा उडाला आणि पोरीच्या डोळ्यांत गेला. चुरचुरणाऱ्या डोळ्यांनीच तिनं पहिली फोड तोंडात घेतली.

त्यानंतर आई फार दिवस राहिली नाही. आवाज राहिला.

कपाशीच्या रानात वाढलेल्या पोरीनं मोसंबीचं झाड कधी पाहिलेलं नव्हतं. तिनं ते मनातच लावलं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पाण्यानं भरलेलं, टिचकी मारली तर भरल्या रांजणासारखं बोलणारं. ज्याला उरतं ते दुसऱ्याला देतं, तसं झाड उरलेलं पाणी फळांत ओतत असेल, असं तिला वाटायचं. पुढं घनसावंगीकडचं स्थळ आलं तेव्हा पोरगा काय करतो, घर कसं आहे, यातलं काहीच तिनं विचारलं नाही. एवढंच विचारलं, "बाग हाय का त्यांची?"

"घ्या," चुलती म्हणाली, "ही तर बागंशीच लगीन लावून राह्यली."

लग्न मार्गशीर्षात झालं. नवरा बबलू घनसावंगीच्या रस्त्यावर जीप चालवायचा. त्याच जीपमधून नवरी घरी आली आणि उतरल्या उतरल्या तिनं बागेकडं पाहिलं.

बाग मलूल उभी होती. पानं वळून पन्हाळीसारखी झाली होती. काही पिवळी पडून वाऱ्याशिवायच गळत होती. आळ्यांतली माती भेगाळली होती, ठिबकच्या काळ्या नळ्यांवर धूळ बसली होती. आणि बागेला लागूनच शेततळं होतं. काठोकाठ भरलेलं, निळंशार, आभाळाचा एक तुकडा कुणी घडी घालून ठेवावा तसं.

सकाळी सासरा बागेत निघाला तशी ती मागं गेली. मच्छिंद्र थोडं बोलणारा माणूस, पण झाडांबद्दल विचारलं की थांबायचा.

"मामा, झाडं आजारी हाईत का?"

"आजारी कशानं? ताणावर हाईत." नव्या सुनेला हे कळायचं नाही हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं एक वळलेलं पान तोडून तिच्या हातावर ठेवलं. "पाणी तोडलं की झाडाला वाटतं, आता आपलं काही खरं न्हाई. मंग ते जाता जाता फुलायचं बघतं. मागं काहीतरी ठेवून जावं म्हणून. आपण ते बघायचं, आन् बराबर वेळेला पाणी सोडायचं. मंग असा बहार येतो की पान दिसत न्हाई."

"आन् पाणी दिलंच, तर?"

"तर हिरवं राहतं बिचारं. खुशीत. फुलंल कशाला?"

अर्पितानं ते पान मुठीत धरलं. तहानेलं पान हातात उन्हासारखं गरम लागलं. मनातल्या झाडाला कुणीतरी टिचकी मारली, आणि आतून रिकाम्या घागरीचा आवाज आला.

दुपारी सासूनं, सोनूबाईनं, पेंढ्यात जपून ठेवलेलं गेल्या तोडणीचं फळ काढून तिच्या ओटीत घातलं. "आपल्या घरचं हाय. खा."

"खाते मंग," अर्पिता म्हणाली आणि फळ दिवळीत ठेवलं. ते तिथंच सुकलं.

घराच्या मागच्या अंगाला भांडी घासायचा दगड होता आणि दगडाशेजारी बागेतलं शेवटचं झाड. भांड्यांचं पाणी एका नालीतून बांधाबाहेर जाई. ताण चालू असताना ती नाली मच्छिंद्र स्वतः साफ ठेवायचा, थेंबभर पाणी आळ्यात जाऊ द्यायचा नाही. एके दिवशी विसळलेल्या तांब्यातलं पाणी अर्पिताच्या हातून कलंडलं. माती चुळूक करून ते प्याली. तान्हं मूल दूध ओढताना करतं तेवढाच आवाज. अर्पिता दगडावर बसल्या बसल्या तो ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी पाणी कलंडलं नाही, तिनं ओतलं.

सगळ्या बागेला ती पाणी देऊ शकत नव्हती. एका झाडाला देत होती. ओतताना ओठांतल्या ओठांत म्हणायची,

भरल्या तळ्याच्या काठाला तान्हेलं गं झाड
त्याच्या पानापानाला कुणी लावलं कवाड

त्या दिवसांत तिनं आणखी एक गोष्ट पाहिली. सोनूबाई बागेत पाणी पीत नसे. वाळकी डहाळी छाटता छाटता तहान लागली की विळा ठेवायची, तांब्या घेऊन बांध ओलांडायची, रस्त्याकडं तोंड करून प्यायची आणि पदरानं तोंड पुसून परत यायची. एकदा अर्पितानं विचारलंच.

"आत्याबाई, तांब्या इथंच हाय की. रस्त्यावर का जाता?"

"हळू बोल," सोनूबाई म्हणाली. "तान्हेल्यासमोर पेऊ नये. नवी होते तवा एकदा हितंच तांब्या तोंडाला लावला, आन् बाई, वारं न्हाई वावधन न्हाई, समदी पानं माझ्याकडं वळल्यासारखी झाली. तवापासून ताण तुटंपर्यंत म्या हितं पेत न्हाई."

"मामाला माहीत हाय?"

"त्यान्ला वाटतं मला रस्त्यावरली माणसं बघायची हौस हाय."

दोघी हसल्या. तेव्हाच सांगता आलं असतं. शब्द अगदी दातांपाशी आले होते. पण सासू पाणी लपवून पीत होती, पाजत नव्हती. बहार या घराचं सगळं होतं, आणि सून तो मोडत होती. अर्पितानं विळा उचलला.

वेळ झाली तसं मच्छिंद्रनं तळ्याचा व्हॉल्व्ह फिरवला. पहिलं हलकं पाणी, आंबवणी. माती फुगली, तिचा वास घरात आला. मग दुसरं पाणी भरपूर. थोड्याच दिवसांत बाग पांढरी झाली. बबलूच्या जीपमधली माणसं म्हणायची, "अरे, जरा थांबव की गाडी, वास घेऊ दे." बाया पदर नाकाशी धरून डोळे मिटायच्या. आणि त्या पांढऱ्या रानात दगडाजवळचं एक झाड हिरवंगार उभं होतं, लग्नघरात साध्या लुगड्यानं आलेल्या बाईसारखं.

"राह्यलं असंल एखादं," मच्छिंद्र म्हणाला.

पावसाळा सरता सरता जालन्याचे व्यापारी आले, क्रेट भरले गेले. घरात जागोजागी मोसंबी. अर्पिता ती निवडायची, पुसायची, रचायची. खायची नाही. शेजारच्या गोजरबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"मोसंबीवाल्याची सून आन् मोसंबी खाईना," ती सोनूबाईला ऐकवायची. "आमच्याकडं द्या पाठवून. आमच्या म्हशीसुद्धा साली सोडत न्हाईत."

सोनूबाई हसण्यावारी न्यायची, पण आत कुठंतरी लागायचं. नवी सून घरचं गोड तोंडाला लावत नाही, तर ती या घरात उतरली कुठं? ती अजून जीपमध्येच बसून आहे, असं तिला वाटे. एकदा बबलूनं बायकोसाठी बाजारातून सफरचंदं आणली.

"बागवाल्याचा पोरगा गाड्यावरून फळं इकत घेऊन राह्यला," मच्छिंद्र म्हणाला. "कुणी बघितलं तर न्हाई ना?"

अर्पितानं सफरचंद हातात घेतलं, पण त्याच्याकडं बघत बसली. कुठल्या डोंगरावरचं हे झाड? याच्याशी काय केलं असेल तेव्हा हे असं लाल झालं? आता तिचं सगळंच जेवण असं थांबू थांबू झालं होतं. चहा पिताना खुंट्याला बांधलेलं वासरू दिसायचं, गाईपासून हातभर लांब, दाव्याला ओढ देणारं. ती चहात दूध थोडंच घालू लागली. भाकरीचा तुकडा मोडला की डोळ्यांसमोर कणसावर बसलेली पाखरं उडायची. ती जेवायची, पण सावकाश, कुणी समोर बसलंय आणि त्याला विचारून घास घ्यायचाय अशी. तिच्या ताटात काही उरत नसे. ताट इतकं स्वच्छ असे, जणू वाढलंच नव्हतं, की सोनूबाईला वाटे, पोरगी उपाशीच उठते की काय. हळूहळू सोनूबाईही ताटाकडं बघून जेवू लागली. बबलू म्हणायचा, "आमच्या घरात जेवायला बसलं की मंदिरात बसल्यासारखं वाटून राह्यलंय."

दुसरा मार्गशीर्ष आला. पुन्हा ताण, पुन्हा वळलेली पानं, पुन्हा दगडाजवळ तो चुळूक आवाज. पाणी सुटलं, बाग फुलली. काम करता करता सोनूबाई गुणगुणत होती,

पाणी सुटलं बागंला, पांढरं झालं रान
एकल्या गं झाडाचं हिरवंच राह्यलं पान

अर्पिताच्या हातातली पाटी थांबली. पण सोनूबाईचं लक्ष नव्हतं. ती नुसतं दिसलं ते गात होती.

मच्छिंद्र त्या झाडाभोवती फिरला. साल नखानं खरवडून पाहिली, पानं उन्हात धरली, बुंध्याशी वाकला. "रोग न्हाई. पण दोन साल झाले, फूल न्हाई. वांझ हाय. परवा जेसीबी येऊन राह्यलाय, पाइपाची चारी खोदायला. जाता जाता हे बी उपटून घेऊ. नवं कलम लावू."

दोन दिवस अर्पिता मनाशी तोलत राहिली. सांगितलं तर या घराचा ताण तिनं मोडला हे कळणार. का मोडला हेही मग सांगावं लागणार. ते तर तिनं बबलूलाही कधी सांगितलं नव्हतं. नाही सांगितलं तर झाड जाणार. तिनं पाणी दिलं, म्हणून जाणार. तहानेलं राहिलं असतं तर फुललं असतं, आणि वाचलं असतं. भांडी घासताना ती झाडाकडं पाठ करून बसू लागली. पाठीवर पानांची सावली हलायची, कुणी हात फिरवावा तशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर जेसीबीची घरघर ऐकू आली. मच्छिंद्र ओट्यावर चहा पीत होता. सोनूबाई त्या झाडाखाली गेली. खालच्या फांद्या दोरीनं बांधून घेतल्या की यंत्राला सोपं पडतं. फांदी ओढता ओढता ती थबकली.

"अवो," ती म्हणाली. "हे बघा."

पानांच्या अगदी आत एक मोसंबी होती. एकच. बाकी बागेत आता फुलं होती, फळाचे दिवस नव्हते. मागच्या पावसात कधीतरी या झाडानं गुपचूप एक फूल धरलं असणार, कुणाला न दाखवता. सोनूबाईनं फळ तोडलं, ओट्यावर आणलं, अर्पितालाही हाक मारली. सोलून तिनं फोडी केल्या. एक नवऱ्याला दिली आणि एक सवयीनं सुनेच्या हातावर ठेवली. मग आपली चूक ध्यानात येऊन ती परत घ्यायला गेली. पण अर्पितानं मूठ मिटली होती.

मच्छिंद्रनं फोड तोंडात टाकली. डोळे मिटून हळूहळू चावली.

"पाणचट," तो म्हणाला.

मग चावायचा थांबला. "पाणचट हाय म्हणजे... ह्याला ताणच बसला न्हाई. हे झाड वांझ न्हाई. भर ताणात पाणी पेलंय ह्यानं." तो उठला. दगडाकडं गेला, नालीत पाहिलं. नाली बांधाकडं वळलेली, साफ. मग आळ्यातल्या मातीवर हात ठेवला. परत आला तेव्हा त्याचा आवाज चढलेला नव्हता. "नाली बराबर हाय. आपोआप न्हाई गेलं पाणी. कुणी घातलं?"

जेसीबी बांधाशी येऊन थांबला. यंत्र बंद झालं तसं रान एकदम गप्प झालं. फुलांवरच्या माशा तेवढ्या ऐकू येत होत्या.

सोनूबाईनं दगडाकडं पाहिलं, मग सुनेच्या मिटल्या मुठीकडं. "म्याच ओतलं असंल," ती घाईनं म्हणाली. "इसरले असंल कधी. तुम्ही चहा घ्या."

ताणात स्वतःच्या घोटासाठी बांध ओलांडणारी ही बाई. तिनं आपल्यासाठी ते अंगावर घेतलेलं अर्पिताला ऐकवेना. तिनं मूठ उघडली. फोड चेमटली होती, रस बोटांवर आला होता. तिनं ती तोंडात घातली. इतक्या वर्षांनी. फारशी गोड नव्हती. घाई नसलेल्या पाण्याची चव होती तिला, गार आणि फिकी. घसा ओला झाला, आणि आवाज आला.

"आत्याबाईंनी न्हाई, मामा. मी घालत होते. दोन्ही साली."

मच्छिंद्र नुसता बघत होता, पान उन्हात धरून बघायचा तसा. तेव्हा ती पुढं बोलली, ओट्याच्या कडेला हात टेकून, सावकाश.

"आमच्या घरी तवा ताप मला न्हाई, आईला आल्ता. मोसंबी तिच्यासाठी आणल्ती अण्णांनी. तिच्या व्हटाचे पापुद्रे निघत होते. मला म्हणाली, खा गं बाई, झाडानं तुझ्यासाठीच साठवून ठेवलंय. मी म्हणलं, तुला? तर म्हणाली, मला तहानच न्हाई." अर्पितानं ओट्यावरच्या रिकाम्या सालीकडं पाहिलं. "मी समदी खाल्ली, मामा. लई गोड होती."