खडकापाशी कोण जातं?

समुद्रातला तो खडक बोटवाल्याला त्याच्या वडिलांनी दाखवला होता, आणि त्याने आयुष्यात एकाच माणसाला दाखवला: धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला. वीस वर्षं दोघांनी तिथे जाळं टाकलं, कधी रिकामं आलं नाही. गेले तीन हंगाम मात्र वर यायचे ते जेलीफिशचे लिबलिबीत गोळे.

"मासे काय हवेत विरले?" तो बायकोला म्हणाला. "जागा कुणीतरी फोडलीय. आणि ठाऊक कुणाला होती? मला आणि भावजींना."

मग त्याला सगळंच खटकू लागलं. मेहुणा अलीकडे फारच गप्प असतो. सुट्टीच्या दिवशीही त्याची छोटी होडी ओली कशी? शेवटी धक्क्यावर चारचौघांत तो बोलून गेला, "चोर घरातच आहे." तेव्हापासून बहिणीने त्याच्याशी बोलणं टाकलं. मनात काळंबेरं नसतं तर भांडायला आली असती, असा त्याने हिशेब लावला.

एका सुट्टीच्या सकाळी तो होडीमागोमाग निघाला. मेहुणा नेमका खडकावरच थांबून पाण्यात दोर सोडत होता.

"सापडलात, भावजी!"

मेहुण्याने वर ओढलं ते जाळं नव्हतं. वजन बांधलेली काचेची बरणी होती. "तळाचं पाणी आहे, दादा. खाली गेली की दुसऱ्या दोरीने बूच ओढायचं. तीन वर्षं थर्मामीटरने मोजतोय. दीड अंशाने तापलंय. मासे गारव्यामागे खोल समुद्रात गेले."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, समुद्र काय चुलीवर ठेवलाय?"

म्हणाला होता खरा. तरी त्याने बरणी हिसकावली. "उन्हात ठेवली असेल!" ती रिकामी करून त्याने स्वतःच्या हाताने सोडली, भरली, ओढली आणि पाणी तळहातावर ओतलं. तरुणपणी तिथे बुडी मारली की बोटं बधिर व्हायची. हे पाणी तसं गार लागलं नाही.

त्याने बरणी मेहुण्याला परत दिली.

किनाऱ्याला लागताच तो बहिणीकडे गेला. तिने दार उघडलं, पण उंबऱ्यातून हलली नाही.

"चुकलो गं."

"इथे नको सांगूस. जिथे बोललास तिथे जाऊन सांग."

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर त्याने सगळ्यांसमोर मेहुण्याची माफी मागितली आणि पाण्याची गोष्ट सांगितली. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ते असू दे," एकजण हळूच म्हणाला. "तुम्हा दोघांना नवी जागा कुठे सापडलीय, तेवढं सांगा."